‘जेन एअर’मधील ‘प्लेन’ हे विशेषण : चेहरा, वर्ग आणि अनुवाद

शार्लट ब्राँटे यांची ‘जेन एअर’ ही कादंबरी इ.स. १८४७ मध्ये करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. आपली नायिका आपल्यासारखीच लहानखुरी व रूपाने सामान्य असेल, असे त्यांनी बहिणींना सांगितल्याची हकिकत एलिझाबेथ गॅस्केल यांच्या १८५७ च्या चरित्रग्रंथात आढळते. या सौंदर्याभावाची चर्चा बरीच होते. तो व्यक्त करणाऱ्या ‘प्लेन’ या शब्दाचा अर्थ मात्र अध्यापनात बहुधा एका प्रतिशब्दात उरकला जातो.

‘प्लेन’ म्हणजे ‘अग्ली’ नव्हे. इंग्रजीत हे विशेषण अलंकारविरहित वस्त्राला, आडपडदा नसलेल्या बोलण्याला आणि नजरेत न भरणाऱ्या चेहऱ्याला सारखेच लागते. या तिन्ही छटा कादंबरीत एकमेकींत गुंतल्या आहेत. आपण ‘हॅण्डसम’ आहोत काय, असे रोचेस्टर विचारतो, तेव्हा जेन तत्काळ नकार देते; विवाह ठरल्यावर त्याने देऊ केलेली रत्ने व उंची वस्त्रे तिला जाचक वाटतात. म्हणूनच ‘कुरूप’ हा प्रतिशब्द सर्वथा त्याज्य ठरतो. ‘साधी’ म्हणावे तर मराठीत ती स्वभावाची प्रशंसा होते व रूपातील उणेपणा नाहीसा होतो. ‘रूपाने बेताची’ हा त्यातल्या त्यात जवळचा. पण त्यात वाणीची छटा गळते.

या विशेषणाचा सामाजिक भार सोळाव्या प्रकरणात स्पष्ट होतो. जेन स्वतःचे चित्र एकही दोष न वगळता खडूने रेखाटते आणि ब्लँच इन्ग्रमचे, तिला न पाहताच, हस्तिदंतावर रंगविते. स्वतःच्या चित्राला दिलेल्या शीर्षकात ‘प्लेन’ हा शब्द दारिद्र्य व निराधारपणा यांच्या पंक्तीला बसतो. चेहऱ्याचे वर्णन येथे वर्गाची नोंद बनते. पुढे सेंट जॉन हाच चेहरा वाचून ती कायम ‘प्लेन’च राहील असा निर्वाळा देतो, आणि हिंदुस्थानात मिशनरी पत्नी म्हणून नेऊ पाहताना, ती प्रेमासाठी नव्हे तर श्रमासाठी घडली आहे, असे तिला ऐकवितो. चेहऱ्यावरून योग्यता ठरविण्याची ही सवय लाव्हाटरप्रणीत मुखसामुद्रिकाशी नाते सांगते.

ब्राँटे यांची सहानुभूती मात्र जमैकाच्या बर्थापाशी थांबते. गिल्बर्ट व गुबार (१९७९) यांना बर्था ही जेनच्या दडपलेल्या संतापाचे प्रतिरूप वाटते. गायत्री स्पिवाक (१९८५) यांनी तिच्या चित्रणामागील साम्राज्यवादी गृहीतकांवर बोट ठेवले. स्पिवाक यांचे म्हणणे विशेषणांच्या पातळीवर अधिक पटते. जेनला निदान स्वतःचे विशेषण स्वतः लावता येते; बर्थाचा सुजलेला, काळवंडलेला चेहरा इतरांच्याच शब्दांत येतो. तरुणपणी ती रोचेस्टरला उंच, ‘डार्क’ व रुबाबदार वाटली होती. हा ‘डार्क’ मराठीत आणताना अनुवादकाची खरी कसोटी लागते : ‘सावळी’ म्हटले की विठ्ठलाची माया त्या शब्दाला चिकटून येते, आणि ‘काळी’ म्हटले की वधूपरीक्षेतील नकार.