'युनिव्हर्सल' म्हणजे कोणासाठी? मॅकी कंट्रोल आणि 'ढोल' हे नाव

संशोधनाला लागायच्या आधी एक सवय लावून घ्या. कुठल्याही यंत्रावर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं दिसलं की विचारायचं, कोणासाठी? आज ही सवय मॅकी कंट्रोलवर वापरून बघू. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला फेडर-बटणांचा डबा, म्हणजे कंट्रोल सरफेस, जोडायचा असेल तर ही भाषा बहुतेक ठिकाणी चालते. जर्मनीची इमॅजिक आणि अमेरिकेची मॅकी या कंपन्यांनी ती या शतकाच्या सुरुवातीला घडवली. पुढे त्या डब्याच्या नावातच 'युनिव्हर्सल' आलं.

आधी तिचं कौतुक, कारण टीका करताना समोरच्याची बाजू नीट मांडता आली पाहिजे. ही भाषा १९८३ च्या मिडीवर उभी आहे. मिडीत साध्या नियंत्रणाला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. आवाज हळूहळू उतरवायला त्या कमी पडतात. म्हणून यांनी शक्कल लढवली: सूर वाकवण्यासाठी असलेला 'पिच बेंड' संदेश फेडरसाठी वापरला. त्यात १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. पिच बेंड प्रत्येक मिडी चॅनेलला एकच मिळतो, म्हणून पहिला फेडर पहिल्या चॅनेलवर, दुसरा दुसऱ्यावर, असे आठ, आणि मास्टर नववा. जुन्या चौकटीत नवं काम बसवायचा हा सुंदर नमुना आहे. (जोडताना इनपुट आणि आउटपुट दोन्ही पोर्ट निवडा. आउटपुट राहिलं तर सॉफ्टवेअरमधला बदल डब्यापर्यंत पोचतच नाही आणि मोटरचे फेडर ढिम्म राहतात.)

आता दुसरी बाजू. समजा, कडेगावच्या मोहरमला ताबूत भेटींचा आवाज आठ माइकवर घ्यायचा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही पहिल्या ट्रॅकला नाव दिलं 'ढोल'. डब्याच्या पडद्यावर काय दिसेल? काहीही दिसो, 'ढोल' दिसणार नाही.

कारण सरळ आहे. मिडीत १२८ पेक्षा लहान बाइट म्हणजे माहिती, १२८ आणि पुढचा म्हणजे हुकूम. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'ढ' म्हणजे २२४, १६४, १६२. तिन्ही हुकूम! त्यातही गंमत अशी की २२४ चा अर्थ 'पहिल्या चॅनेलचा पिच बेंड', म्हणजे नेमका पहिला फेडर. 'ढ' जसाच्या तसा पाठवला तर नावाचा संदेश तिथेच तुटेल. म्हणून सॉफ्टवेअरला अशी अक्षरं गाळावी किंवा बदलावी लागतात. वर प्रत्येक ट्रॅकला जागा फक्त सात अक्षरांची.

"मग रोमनमध्ये लिहा की, एवढं काय?" इथेच संशोधकाचा तोटा होतो. 'टाळ' आणि 'ताल' रोमनमध्ये एकाच स्पेलिंगने लिहिले जातात. एक वाद्य, दुसरी संकल्पना. आज तुम्हाला आठवतं, पण दहा वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्याला कोण सांगणार? पडद्याच्या सोयीसाठी दिलेलं नाव फाइलच्या नावात जातं, तिथून संग्रहाच्या नोंदीत, आणि तिथून कुणाच्या तरी प्रबंधात.

"तेव्हाचे पडदेच तसे होते" हा बचाव अर्धाच खरा आहे. पडद्यापुरता तो पटतो. पण मिडी २.० २०२० मध्ये आलं तरी बाजारातले बरेच डबे अजून जुनीच भाषा बोलतात, आणि ती कुणाला अपुरी पडते हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

पर्याय आहे. आर्डर, रीपर यांसारखी सॉफ्टवेअर ओएससी ही भाषाही समजतात. ओएससीच्या मूळ नियमातही मजकूर आस्कीच, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरता, धरलाय. पण तिथे वरच्या बाइट्सचा हुकूम होत नाही, त्यामुळे देवनागरी जाऊ शकते. पलीकडचं ॲप ती दाखवतं का, हे मात्र आधी तपासा.

आणि डबा मॅकीचीच भाषा बोलणारा असेल तर ट्रॅकला 'क१', 'क२' नको, साधे रोमन क्रमांक-संकेत द्या. सोबत एक तक्ता ठेवा: संकेत, देवनागरी नाव, वाद्य, माइकची जागा, तारीख. तो तक्ता रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये राहू द्या. वहीत नको.

तुमच्या विषयातलं असं एखादं 'युनिव्हर्सल' शोधा. त्यात काय मावत नाही, ते लिहून काढा. संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.