मेणवलीचा वाडा आणि गेलेले दप्तर

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेकाठी, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. सांगलीहून साताऱ्यामार्गे मी तिथे तीनदा गेलो. तिन्ही खेपांना पाहुण्यांचा पहिला प्रश्न ऐकला तो 'स्वदेस'चे चित्रीकरण नेमके कुठे झाले, हा. दुसरा घंटेचा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या लुटीतली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल. घंटेचे कौतुक रास्तच आहे. पण दप्तर कुठे गेले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

वाडा खासगी मालकीचा असला तरी आज तो संग्रहालयासारखाच पाहिला जातो. सहा चौक, सागवानी खांब, भिंतींवरची चित्रे, नानांचा पलंग, मागे चंद्रकोरीसारखा घाट. १७६८ मध्ये औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव नानांना दिले. (त्याच प्रतिनिधी घराण्यातल्या राजाने १९३८ मध्ये औंधला संग्रहालयासाठी मुद्दाम इमारत उभारली, मेणवलीच्या नशिबी ते आले नाही.) नानांच्या पश्चात त्यांची पत्नी जिऊबाई इथे राहिली. माणसांचा वावर राहिला म्हणून वाडा टिकला, हे मान्य केले पाहिजे.

मात्र पलंग कोणत्याही सरदाराच्या वाड्यात सापडतो. फडणवीस म्हणजे फडाचा कारभारी. हिशेब, सनदा, वकिलांची पत्रे यांचा धनी. असा माणूस कळायचा तर त्याच्या कागदांतून. ते कागद इथेच होते. साताऱ्याचे रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवले आणि अभ्यासकांना 'मेणवली दप्तर' हे नाव ठाऊक झाले. साताऱ्याला पारसनिसांनी ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. १९२६ मध्ये ते वारले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. म्हणजे कागदांनी मेणवली सोडली, मग साताराही सोडला.

पारसनिसांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. वाईकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला माळ्यावरच्या रुमालांचे काय होते ते सांगावे लागत नाही. याच वाईत राजवाड्यांना एरंड्यांच्या घरी पानिपतचे कागद सापडले आणि १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड निघाला. ते कागद तसेच राहते तर आज उरले असते का? कागद गेले ते वाचले. माझी तक्रार वेगळी आहे. कागद गेल्याची साधी खूणही वाड्यात दिसत नाही.

आमच्याकडे मिरजेला उलटे घडले. शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले. नानांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. पटवर्धनांचे वाडे आज फारसे कोणी पाहायला येत नाही. त्यांचे कागद मात्र छापील पुस्तकांत कुठल्याही ग्रंथालयात बसून वाचता येतात. मिरजेत कागद बोलतात, वाडा गप्प. मेणवलीत वाडा उभा आहे, पण त्याच्याकडे सांगायला नानांचे काही नाही. मग ती जागा सिनेमा भरून काढतो, त्यात सिनेमाचा काय दोष?

अस्सल कागद परत आणा, असे मी म्हणणार नाही. पुण्यातली कपाटे त्यांना बरी. पण दहा-वीस पत्रांच्या छायाप्रती, शेजारी देवनागरी लिप्यंतर आणि खाली चार ओळींत कोण कोणाला का लिहितो आहे, एवढे एका दालनात लावता येईल. खर्च एका मोठ्या फलकाहून जास्त नाही. निवड करताना फक्त तह आणि लढाया घेऊ नयेत. धान्य, देणेकरी, वाटखर्च यांच्या याद्याही घ्याव्यात, कारण नाना त्यांतच अधिक दिसतात. मोडी मी चाळिशीनंतर, रात्री कंदमुळे उकरावीत तशी एकेक अक्षर उकरत शिकलो. असली एक यादी लावायला मला अजूनही तास लागतो.