लपवणं आणि मौन: 'द सायलेंट पेशंट' या कादंबरीविषयी

आज आपण अ‍ॅलेक्स मायकेलिडिस यांच्या 'द सायलेंट पेशंट' या मानसशास्त्रीय थरारकादंबरीविषयी बोलणार आहोत. २०१९ साली आलेली ही त्यांची पहिलीच कादंबरी, आणि ती प्रचंड खपली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शेवट उघड केल्याशिवाय हिच्याबद्दल नीट बोलता येत नाही. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचून यावं.

कथा लंडनमधली. अ‍ॅलिशिया ही चित्रकार आपल्या नवऱ्याच्या, गॅब्रिएलच्या, चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही. मागे उरतं एक आत्मचित्र. त्याचं नाव 'अल्सेस्टिस'. काही वर्षांनी थिओ हा मानसोपचारतज्ज्ञ ती आहे त्या मनोरुग्णालयात मुद्दाम नोकरी धरतो. तिला बोलतं करायचं, हा त्याचा ध्यास. निवेदनही त्याचंच.

'अल्सेस्टिस' हे युरिपिडिसचं इसवीसनपूर्व ४३८ मधलं नाटक. नवऱ्याऐवजी आपण मरायला तयार झालेली बायको. हेराक्लिस तिला मृत्यूच्या हातून सोडवून आणतो, पण परत आलेली ती बोलत नाही. नाटकात त्याला धार्मिक कारण दिलंय. तीन दिवस तिला बोलता येणार नाही. पण प्रेक्षकाचं तेवढ्यानं समाधान होत नाही. ज्यानं आपल्याला मरू दिलं त्याच्याशी बोलायचं तरी काय? हा प्रश्न नाटक आपल्या पदरात टाकून संपतं.

लेखकानं हे नाव घेतलं तेव्हा आमची अपेक्षा वाढली. इथं दोन गोष्टींत फरक करायला हवा. न सांगण्याचे दोन प्रकार आहेत: लपवणं आणि मौन. जे लपवलंय ते उघड झालं की संपतं. कुलूप उघडलं की किल्लीचं काम संपावं तसं. मौनाचं तसं नसतं. कारण कळल्यावरही ते उरतं, उलट जास्तच जड होतं.

कादंबरी आश्वासन देते मौनाचं आणि हातात ठेवते ती लपवाछपवी. अ‍ॅलिशियाची डायरी आपल्याला अधूनमधून वाचायला मिळते. तिथं ती इतकं सरळ, सविस्तर बोलते की तिचं गप्प बसणं हा केवळ कथानकातला अडसर होऊन बसतो. आणि थिओ? बायकोच्या व्यभिचाराची हकीगत तो अशी सांगतो, की ती आत्ताच घडतेय असं आपण धरून चालतो. शेवटी कळतं की ते सगळं खुनाच्या आधीचं. बायकोचा प्रियकर म्हणजे गॅब्रिएलच. त्या रात्री मुखवटा घालून घरात शिरलेला, 'तू मरणार की तुझी बायको?' अशी निवड गॅब्रिएलपुढे ठेवणारा माणूस थिओ. गॅब्रिएल स्वतःचा जीव निवडतो.

धक्का बसतो, हे मान्य. पण बघा, अगाथा ख्रिस्तीनं १९२६ साली 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये निवेदकाला लपवायला लावलं, ते त्याच्या स्वभावात बसतं. काय गाळलं ते तो शेवटी अभिमानानं दाखवतोही. थिओचा काळाचा घोळ मात्र थिओचा वाटत नाही, लेखकाचा वाटतो. हा माणूस तारखा कुणासाठी लपवतोय?

अ‍ॅरिस्टॉटल शोकांतिकेत दोन गोष्टी पाहतो: परिस्थितीची उलटापालट आणि ओळख पटणं. इथं उलटापालट आहे. ओळखीला जागाच मिळत नाही. ज्यानं जखम केली तोच उपचार करायला बसलाय. त्याला स्वतःलाही ठाऊक नसेल की आपण बरं करायला आलो आहोत की तिचं तोंड कायमचं बंद करायला! एवढा मोठा नैतिक प्रश्न हाताशी होता. पुस्तकाच्या मध्यावर तो वाचकापुढे ठेवला असता, तर पुढचं प्रत्येक सत्र वाचताना अंगावर काटा आला असता. पण शेवटच्या धक्क्यासाठी तो राखून ठेवला, आणि धक्का बसतो तेव्हा विचार करायला पानंच उरलेली नसतात.

आणि अ‍ॅलिशियाचं काय होतं? ती बोलू लागताच थिओ तिला मॉर्फिन टोचतो. सत्य बाहेर येतं ते डायरीतून, तेही पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून. आधी बापानं, मग नवऱ्यानं, मग डॉक्टरनं या बाईच्या जिवाची किंमत ठरवली. कादंबरीनंही तिला शेवटी पुरावा म्हणूनच वापरलं. आमची खरी तक्रार ही आहे.

तरी वाचा. एका बैठकीत वाचून होते. मग 'अल्सेस्टिस' वाचा, आणि कोणतं मौन मनात जास्त दिवस राहतं ते स्वतःच ठरवा.