‘प्रतिकार’, ‘जंतू’ आणि ‘वसाहत’ : बालकांच्या इसबाविषयीच्या मराठी लेखनातील तीन शब्द

१

शास्त्रीय ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा ते एकटे येत नाही. ज्या शब्दांच्या आधाराने ते येते त्या शब्दांचे पूर्वसंस्कारही त्याच्याबरोबर येतात. बहुतेक वेळा हे संस्कार निरुपद्रवी असतात. परंतु क्वचित शब्दाचा संस्कार ज्ञानाच्या नेमक्या उलट दिशेने ओढतो, आणि मग वाचकाच्या हाती शास्त्र न लागता केवळ शब्द लागतो. तान्ह्या मुलाच्या आतड्यातील सूक्ष्मजीव, त्याची रोगप्रतिकारक्षमता आणि बालपणीचा इसब यांच्या परस्परसंबंधाविषयी दैनिकांच्या आरोग्यपुरवण्यांतून व पालकांसाठीच्या पुस्तिकांतून जे मराठी लेखन होते, त्याच्या बाबतीत असेच घडले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अशा लेखनाची परीक्षा त्याच्या वाचकाला वगळून करता येणार नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घ्यावे. भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या भट्ट्या आणि त्या पोलादाच्या सळया ओढणाऱ्या गिरण्या यांच्याभोवती जी कामगारवस्ती असते, तेथे मराठी, दखनी आणि उत्तरेकडील हिंदीच्या बोली एकाच नळावर भेटतात. मुलाच्या गालावर, कोपराच्या व गुडघ्याच्या खोबणीत लाल, खाजरे चट्टे उठले, की त्यांना कोणी इसब म्हणते, कोणी गजकर्ण, कोणी नायटा, कोणी खरूज. शब्दांची ही सरमिसळ निव्वळ कोशकाराच्या चिंतेचा विषय नव्हे. गजकर्ण (यालाच नायटा म्हणतात) बुरशीने होतो, खरूज सूक्ष्म किडीने होते, आणि दोन्ही रोग सांसर्गिक आहेत. इसब सांसर्गिक नाही. नाव चुकले की इसबाच्या मुलाला इतर मुलांपासून दूर बसविले जाते, आणि गजकर्णावर स्टिरॉइडमिश्रित मलम चोळून तो अधिक पसरविला जातो. अशा वस्तीतील आईच्या हाती जेव्हा एखादा लेख पडतो, तेव्हा त्यातील शब्दच तिचे वैद्यक ठरतात.

२

यांतील पहिला आणि सर्वांत प्रभावी शब्द ‘प्रतिकारशक्ती’ हा होय. ‘शक्ती’ या पदाला मराठीत परिमाण आहे. ती कमी होते, वाढते, खर्च होते, औषधाने भरून निघते. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती’ म्हटले, की ती अंगात साठविलेली एक राशी आहे अशी कल्पना होते. यावरून वाचक सहजच असे अनुमान काढतो, की मूल आजारी आहे तेव्हा त्याची शक्ती कमी पडली असावी. म्हणून ती वाढविली पाहिजे. बाजारातील सारी बलवर्धके याच अनुमानावर उभी आहेत.

इसबाच्या बाबतीत हे अनुमान उलटे पडते. बालपणीच्या इसबात शरीराचा प्रतिसाद अपुरा नसतो, तर अस्थानी व अतिरिक्त असतो. घरातील धूळ, अंड्यातील प्रथिन यांसारख्या निरुपद्रवी वस्तूंना शरीर शत्रू समजते आणि त्वचेत दाह पेटवते. यावरील उपचारही हेच सांगतात. स्टिरॉइडची मलमे हा प्रतिसाद शमवितात. २०१७ साली अमेरिकेत तीव्र इसबासाठी मान्यता मिळालेले ड्युपिलुमॅब हे औषध प्रतिरक्षेतील दोन संदेशद्रव्यांचा मार्ग अडविते. म्हणजे ज्या रोगात शास्त्र प्रतिरक्षेचा आवाज खाली आणते, त्याच रोगात शब्द मात्र तो वाढवावयास सांगतो.

शब्दांचा इतिहास पाहिला तर ही युद्धाची प्रतिमा अपरिहार्य होती असेही म्हणता येत नाही. पाश्चात्त्य संज्ञेचे मूळ लॅटिन ‘इम्युनितास’ होय. सार्वजनिक कर्तव्यापासून वा करापासून मिळालेली सूट हा तिचा अर्थ. आपल्याकडील इनामदाराच्या माफीशी तिचे नाते जवळचे आहे, रणांगणाशी नाही. चरकसंहितेतील ‘व्याधिक्षमत्व’ या संज्ञेत ‘क्षम्’ धातू आहे, आणि समर्थ असणे या अर्थाबरोबरच सोसणे, क्षमा करणे हेही त्याचे अर्थ आहेत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगण्याची गरज नाही. चक्रपाणीच्या टीकेतही या संज्ञेचे विवरण व्याधीच्या बळाला विरोध असेच येते. तरीही सोसण्याची एक छटा जिच्यात संभवत होती ती संज्ञा मागे पडली आणि केवळ लढण्याची छटा असलेला शब्द रूढ झाला, ही घटना अर्थपूर्ण आहे. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला तो ‘अन्य’ व ‘कार्य’ या अर्थांच्या ग्रीक पदांवरून; बदललेला प्रतिसाद, एवढेच त्याला सांगावयाचे होते. १९२३ साली कोका व कुक यांनी ‘ॲटोपी’ ही संज्ञा रूढ केली, ती त्यांना कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने सुचविली होती. तिचा अर्थ अस्थानी असणे, विपरीत असणे. इसबाचे वर्म या भाषापंडिताच्या शब्दात जेवढे आले आहे तेवढे आपल्या ‘प्रतिकारशक्ती’त आलेले नाही.

३

दुसरा शब्द ‘जंतू’. संस्कृतात ‘जन्’ धातूपासून झालेला हा शब्द जन्मास आलेल्या कोणत्याही जीवाचा वाचक होता; मनुष्यही जंतूच. मराठीत ‘जीवजंतू’ या जोडशब्दात तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. परंतु जंतुशास्त्राच्या प्रसाराबरोबर त्याचा अर्थसंकोच व अर्थापकर्ष दोन्ही झाले. ‘जंतुनाशक’, ‘जंतुसंसर्ग’, ‘निर्जंतुक’ ही सारी संयुगे त्याला वैरी ठरवितात. त्याचेच तद्भव रूप ‘जंत’ पोटातील कृमींसाठी राखले गेल्यामुळे पोटातील जंतू हा शब्दप्रयोग ऐकताच किळस येते. पुढे आतड्यात उपकारक सूक्ष्मजीवही असतात असे सांगण्याची वेळ आली, तेव्हा लेखकांनी एक सोपी तोड काढली : ‘चांगले जंतू’ आणि ‘वाईट जंतू’.

ही तोड शास्त्राला मानवणारी नाही, आणि याचा पुरावा शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांचा, नैसर्गिक प्रसूतीने व शस्त्रक्रियेने जन्मलेल्या निरोगी अर्भकांच्या विष्ठेतील सूक्ष्मजीवांची तुलना करणारा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. नैसर्गिक रीतीने जन्मलेल्यांत बायफिडोबॅक्टेरियम होतेच. पण त्याच्याबरोबर ॲसिनेटोबॅक्टर विपुल होते. शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत सिट्रोबॅक्टर, एश्चेरिकिया कोलाय व क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल यांचे प्राबल्य होते आणि बायफिडोबॅक्टेरियम आढळले नाही. ॲसिनेटोबॅक्टर हे कुल रुग्णालयांत हट्टी संसर्गाचे कारण म्हणून कुप्रसिद्ध आहे. येथे ते निरोगी बालकांत सापडते. याच कुलातील, बव्हेरियातील गोठ्यांतून मिळविलेल्या एका जातीने उंदरांना ॲलर्जीपासून संरक्षण मिळते, असे २००७ साली दाखविले गेले होते. उलट, प्रौढांत गंभीर अतिसार घडविणारे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल अनेक निरोगी अर्भकांच्या आतड्यात कोणताही उपद्रव न करता राहते. तेव्हा चांगुलपणा हा जातीचा गुण नसून जागा, काळ आणि संगत यांचा गुण आहे. ‘चांगले’ व ‘वाईट’ ही विशेषणे जंतूंना लावण्यात आपण त्यांच्या वर्तनाचे वर्णन करीत नाही, त्यांची जात ठरवितो.

व्यवहारात याचे परिणाम दोन होतात. इसबाने आधीच कोरड्या पडलेल्या त्वचेवर जंतुनाशक साबण चोळला जातो आणि ती अधिक फुटते. आणि शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या आईच्या मनात, आपण मुलाला ‘वाईट जंतू’ दिले, असा अपराधभाव रुजतो. शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा आई व मूल यांच्या जिवासाठी घेतलेला असतो, आणि दोन गटांत दिसणारा फरक म्हणजे रोगाचे सिद्ध कारण नव्हे. लेखनाने हे दोन्ही सांगावयास हवे.

४

तिसरा शब्द ‘वसाहत’. आणि येथे मराठीची बाजू उजवी आहे. इंग्रजी ‘कॉलनी’ला साम्राज्याचा वास आहे. मराठी ‘वसाहत’ वसण्याशी नाते सांगते, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली स्थापना झाल्यापासून तर ‘औद्योगिक वसाहत’ हा शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत घरचा झाला आहे. जालन्याच्या वाचकाला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. आधी रस्ता, वीज व पाणी येते. मग भट्टी येते. भट्टीच्या आश्रयाने सळयांची गिरणी, गिरणीच्या आश्रयाने मालमोटारी, खानावळी, दुरुस्तीची दुकाने. जो आधी येतो तो मागाहून येणाऱ्याची भूमी घडवितो.

अर्भकाच्या आतड्यात असेच घडते. जन्मवेळी तेथे प्राणवायूचा अंश असतो. प्राणवायूसह व त्याविना दोन्ही प्रकारे जगू शकणारे सूक्ष्मजीव प्रथम येतात व तो वापरून टाकतात. मग प्राणवायू न सोसणाऱ्या बायफिडोबॅक्टेरियमसारख्यांना जागा होते. स्तनपान करणाऱ्या मुलांत हे सूक्ष्मजीव पॅरिस येथे आंरी तिसिए याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले होते. मातेच्या दुधात काही शर्करा अशा आहेत, की त्या मुलाला पचतच नाहीत. त्या या सूक्ष्मजीवांचे अन्न होत. आई एका वेळी मुलाला आणि त्याच्या वसाहतीला जेवू घालते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की या शर्करा पचविणारे बायफिडोबॅक्टेरियम ज्या अर्भकांत असते त्यांच्यात ॲलर्जीकडे व दाहाकडे नेणारे प्रतिसाद मंद असतात, आणि या सूक्ष्मजीवाने निर्मिलेले एक आम्ल त्यास साहाय्य करते. येथे जे घडते त्याला ‘प्रतिकार’ म्हणता येणार नाही. ‘ओळख’ म्हणता येईल. कोणाशी लढावे आणि कोणाला सोसावे, हा विवेक या वसाहतीच्या सहवासात घडतो.

५

असे असले तरी समर्पक शब्द सापडला म्हणजे सिद्धान्त सिद्ध झाला असे नव्हे. १९८९ साली स्ट्रॅकन याने ब्रिटनमधील सतरा हजारांवर मुलांच्या माहितीवरून, मोठी भावंडे अधिक असलेल्या मुलांत गवतताप व इसब कमी आढळतो असे दाखविले, आणि अतिस्वच्छतेची कल्पना पुढे आली. २००१ साली फिनलंडमधील तुर्कू येथे प्रसूतीपूर्वी मातांना व नंतर अर्भकांना एक लॅक्टोबॅसिलस दिला, तेव्हा दोन वर्षांच्या वयातील इसबाचे प्रमाण शेकडा ४६ वरून २३ वर आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील प्रयोगात त्याच सूक्ष्मजीवाचा असा लाभ दिसला नाही. आधीच झालेल्या इसबावर असे सूक्ष्मजीव पोटात देऊन फारसा फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१८ सालच्या कॉक्रेन समीक्षेने ३९ चाचण्यांवरून काढला. शिवाय २००६ साली त्वचेच्या आवरणास आवश्यक अशा फिलॅग्रिन प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाशी निगडित असल्याचे आढळले; म्हणजे कथेचा आरंभ काही मुलांत तरी आतड्यात नसून कातडीत आहे. २०१५ साली लंडनमधील प्रयोगात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या अर्भकांना लवकर भुईमूग चारला असता पाच वर्षांच्या वयात भुईमुगाची ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. जी वस्तू फुटलेल्या त्वचेतून प्रथम भेटते ती परकी ठरते आणि जी अन्नातून भेटते ती आपली होते, या मताला यामुळे बळ मिळाले.

मराठी लेखनात या चढउतारांचा मागमूस क्वचितच दिसतो. तुर्कूचा यशस्वी प्रयोग येतो, जर्मनीचा येत नाही. आणि शेवटी बाळगुटी व ताक यांचा गौरव करून पूर्वजांना हे सारे ठाऊक होते असा समारोप होतो. सहाणेवर उगाळलेल्या गुटीची परीक्षा झाली पाहिजे. परंतु अभिमान हा परीक्षेचा पर्याय होऊ शकत नाही.

या विवेचनातून लेखनासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द गोवर-घटसर्पासारख्या रोगांच्या संदर्भात ठेवावा. तेथे लढाई खरी आहे आणि लस हे तिचे साधन आहे. इसबाविषयी लिहिताना ‘प्रतिरक्षा’ हे शास्त्रीय नाव आणि ‘ओळख’, ‘सोसणे’ ही घरगुती क्रियावाचके वापरावीत. ‘चांगले’ व ‘वाईट’ जंतू ही विभागणी सोडून ‘आतड्यातील वसाहत’ असे म्हणावे. भाषेच्या अभ्यासकाने वैद्याचे काम हाती घेऊ नये हे खरे. परंतु वैद्याने सांगितलेले वाक्य आईच्या कानापर्यंत पोहोचताना उलटे होत असेल, तर ते सरळ करणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे. मुलाला खाज सुटली असता, याच्या अंगात बळ नाही असे आईने समजणे आणि याची कातडी फार लवकर चिडते असे समजणे, यांत एका शब्दाचे अंतर आहे. पहिल्या समजुतीने ती औषधाच्या दुकानात बलवर्धक मागेल. दुसरीने ती साधे स्निग्ध मलम लावील आणि मूल वेळेवर डॉक्टरांना दाखवील.