संशयाचे मोजमाप : ‘फाय’ पद्धतीची चिकित्सा

जाळ्याने जोडलेल्या संगणक-समूहातील प्रत्येक नोड ठराविक अंतराने ‘हार्टबीट’ संदेश पाठवीत असतो. तो न आल्यास नोड बंद पडला, की संदेशास केवळ विलंब झाला, हे दूरच्या नोडास निश्चित सांगता येत नाही. हा प्रश्न मूलगामी आहे. संदेशाच्या विलंबास मर्यादा नसेल व एक जरी नोड बंद पडण्याचा संभव असेल, तर एकमत हमखास घडवून आणणारी नियतक्रम रीती असूच शकत नाही, हे फिशर, लिंच व पॅटर्सन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले.

१९९६ मध्ये चंद्रा व टुएग यांनी शोधक चुकणार हे मान्य करूनच विवेचन केले. त्यांच्या रीतीत शोधक चुकला तरी निर्णयांत विसंगती येत नाही. फार तर निर्णय लांबतो. २००४ मध्ये हायाशिबारा प्रभृतींनी ‘जिवंत’ वा ‘मृत’ या उत्तराऐवजी ‘फाय’ हा वाढता अंक सुचविला. फाय १ असता संशय चुकीचा असण्याची शक्यता दहात एक, २ असता शंभरात एक. निरीक्षण व निर्णय यांची ही फारकत या पद्धतीचा खरा गुण होय.

तथापि हा अंक पूर्वीच्या संदेशांतील अंतरांवर बसविलेल्या गृहीत वितरणातून निघतो. ‘कॅसँड्रा’मध्ये हे वितरण घातांकी मानले असून मूळ उंबरठा ८ आहे. गणित केल्यास त्याचा अर्थ, सरासरी अंतराच्या सुमारे १८ पट मौन, एवढाच उरतो. दर सेकंदास संदेश येत असेल तर हे मौन सुमारे १८ सेकंदांचे. आणि सूत्रानुसार चुकीची शक्यता दहा कोटींत एक! परंतु स्मृतिसफाईसाठी नोड दीर्घकाळ थबकणे, हे पूर्वीच्या अंतरांत न दिसणारे कारण आहे. तेथे ही शक्यता निरर्थक ठरते.

याचे परिणाम गंभीर होतात. थबकलेल्या प्रमुखास मृत ठरवून दुसरा नेमला आणि पहिला पुन्हा जागा झाला, तर दोघेही एकाच साठ्यात लेखन करतील. प्रत्येक नेमणुकीस चढता क्रमांक देऊन जुन्या क्रमांकाचे लेखन साठ्यानेच नाकारले, तर हा अनर्थ टळतो. सारांश, फाय हा संशयाचा उपयुक्त मापक आहे, मृत्यूचा पुरावा नव्हे. समूहाची सुरक्षितता त्यावर विसंबून ठेवणे सयुक्तिक नाही.