फासे आणि चोपडी : हेन्री वॉचा गुन्हा

रॉबर्ट कूव्हर यांची ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन, इन्क., जे. हेन्री वॉ, प्रॉप.’ ही कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिचे एक वाचन जवळजवळ रूढ होऊन बसले आहे. नायकाच्या नावातील अक्षरे जुळवली की यहुद्यांच्या देवाचे नाव मिळते. म्हणून हेन्री हा निर्माता, त्याचे खेळाडू ही त्याची सृष्टी आणि तिच्यात हात घालावा की नाही हा देवापुढचा पेच. हे वाचन चुकीचे नाही. त्याच्या खुणा लेखकानेच पेरल्या आहेत. पण त्यामुळे एक साधी गोष्ट झाकली जाते. हेन्री पेशाने हिशेबनीस आहे. त्याच्या हातून घडणारा गुन्हाही देवाचा नव्हे, हिशेबनिसाचा आहे. देवाने नियम मोडला तर त्याला चमत्कार म्हणतात, हिशेबनिसाने मोडला तर अफरातफर.

छप्पन्न वर्षांचा, एकटा राहणारा हेन्री रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ संघांची बेसबॉल स्पर्धा चालवतो. साहित्य म्हणजे तीन फासे, काही तक्ते आणि वह्या. तीन फाशांवर दाने पडण्याचे २१६ प्रकार होतात. क्रम सोडून दिला तर ५६ जोडण्या उरतात. प्रत्येक जोडणीला तक्त्यात एक घटना नेमून दिलेली आहे. प्रत्येक डावाची आकडेवारी तो नोंदतो आणि तिच्यातूनच त्याला माणसे दिसू लागतात: त्यांची घराणी, त्यांचे राजकारण, त्यांची म्हातारपणे. इथे आकडा व्यक्तीची जागा घेत नाही, तो व्यक्तीला जन्म देतो.

ही कल्पना कूव्हर यांना हवेतून सुचलेली नाही. बेसबॉल हा पहिल्यापासून चोपडीतला खेळ आहे. त्याचा धावफलक रूढ करणारे हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधील एक्झिटर येथे जन्मले आणि अमेरिकेत क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावपत्रकाचा संस्कार त्यांनी बेसबॉलवर केला. मात्र त्यांची मोजणी निर्विकार नव्हती. गोलंदाजाने चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला फुकट पहिला तळ मिळतो. याचे श्रेय फलंदाजाला देणे चॅडविक यांना मान्य नव्हते, कारण त्यांच्या लेखी ती निव्वळ गोलंदाजाची चूक होती. फलंदाजाचा संयम त्यामुळे पुढे कित्येक दशके हिशेबाबाहेर राहिला. काय मोजायचे हे ठरवणे म्हणजेच निवाडा करणे.

कादंबरीनंतर बारा वर्षांनी, १९८० साली, डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच खाणावळीच्या नावावरून ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. खऱ्या खेळाडूंचा लिलाव करून आपापले काल्पनिक संघ उभारायचे आणि खऱ्या सामन्यांच्या आकड्यांवर हंगामाचा विजेता ठरवायचा, असा हा डाव होता. फलंदाजीसाठी त्यांनी चार कसोट्या निवडल्या: सरासरी, होम रन, मिळवून दिलेल्या धावा आणि चोरलेले तळ. फुकट मिळालेल्या तळाला इथेही जागा नव्हती. चॅडविक यांचा निवाडा शंभर वर्षांनंतरही चालूच होता. संगणक घरोघरी पोचले नव्हते, त्यामुळे बेरजा हाताने होत. आज मोबाइलवर क्रिकेटचे काल्पनिक संघ बनवणारा मराठी तरुण नकळत याच वंशावळीत बसतो.

या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्या की कादंबरीचा खरा गाभा उघडा पडतो. रोटिसरीत हिशेब ठेवणाऱ्यावर बाकीच्या संघमालकांचे डोळे असतात. बेरीज चुकली तर भांडण होते आणि ते भांडणच हिशेबाला प्रामाणिक ठेवते. हेन्रीच्या टेबलाशी मात्र दुसरे कोणी नाही. नियम त्याचे, फासे त्याचे, चोपडीही त्याचीच. त्याला प्रामाणिक राहायचे आहे ते कोणाच्याही देखत नव्हे. ही जगातली सर्वांत अवघड प्रामाणिकता आहे.

आणि तिची परीक्षा होते. डेमन रदरफोर्ड हा त्याचा लाडका नवा गोलंदाज ‘परफेक्ट गेम’ टाकतो. म्हणजे समोरच्या सत्तावीस जणांपैकी एकालाही तळ गाठू देत नाही. अमेरिकेच्या मुख्य स्पर्धांच्या दीर्घ इतिहासात असे सुमारे दोन डझन वेळाच घडले आहे. पुढे फाशांवर १-१-१ पडते, ‘असाधारण घटनां’चा तक्ता उघडावा लागतो आणि जॉक केसीचा चेंडू डोक्यात बसून डेमन मरतो. हेन्री ते दान पुसत नाही. शोकात बुडूनही नोंद तशीच ठेवतो. माझ्या मते तो इथेच सर्वांत मोठा आहे.

मग तो लू या सहकाऱ्याला खेळायला बोलावतो. म्हणजे साक्षीदार शोधतो. पण लू बेफिकिरीने खेळतो आणि कागदांवर बिअर सांडतो. तो गेल्यावर हेन्री फासे टाकत नाही, हाताने मांडतो: ६-६-६. केसी मरतो आणि हेन्रीला जागच्या जागी ओकारी होते. देवाला ओकारी होत नाही. खोटी नोंद केलेल्या कारकुनाला होते.

कादंबरीत उणिवा आहेत. हेट्टी ही स्त्री हेन्रीच्या देहाची गरज एवढ्यापुरतीच उरते. ज्याच्या कल्पनेत खेळाडूंच्या पिढ्या नांदतात त्याला शेजारची बाई दिसत नाही, हे व्यंग म्हणावे तर लेखकालाही ती फारशी दिसलेली नाही. शेवटचे प्रकरण मात्र अनेकांना वाटते तसे ठिगळ नाही. शंभर वर्षे उलटली आहेत, हेन्री कुठेच नाही आणि खेळाडू त्या मृत्यूचा वार्षिक विधी करताना त्याच्या अर्थावरून वाद घालत आहेत. कोणी म्हणते ते घडलेच नाही, कोणी म्हणते ते रूपक आहे. एका खोट्या नोंदीने पुढच्या सगळ्या खऱ्या नोंदी संशयास्पद केल्या, याचा हा पुरावा आहे. स्पर्धा चालवणारा निघून गेला तरी चोपडी राहते, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न तिच्यात नाव असलेल्यांना सोडवत बसावे लागते.