पेल्यातली रिकामी जागा

आपल्या मंडळींच्या घरी डायनिंग टेबलामागे काचेच्या दारांचे एक कपाट असते. वरच्या खणात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेले जड, नक्षीदार क्रिस्टल. मधल्या खणात अलीकडे घेतलेले लांब दांडीचे पातळ वाइन ग्लास. आणि खाली, सेलमध्ये स्वस्त पडले म्हणून आणलेले, पण नक्की कशासाठी आहेत हे घरात कुणालाच सांगता न येणारे काही नग. दुकानात गेले तर गोंधळ आणखी वाढतो. काबर्नेचा ग्लास वेगळा, पिनो न्वारचा वेगळा, शार्डोनेचा आणखी वेगळा. पाणी, ताक, पन्हे आणि वेळप्रसंगी चहासुद्धा एका फुलपात्रावर भागवलेल्या आपल्या पिढीला हे सगळे थोडे जास्तच वाटते. पण वाटण्यावर जाऊ नये. प्रत्येक द्राक्षाला स्वतंत्र ग्लास हवा, हा एक तांत्रिक दावा आहे आणि तो तपासून पाहता येतो. न पिणाऱ्या वाचकांनीही लगेच पान उलटू नये. त्यांच्या ग्लासाचा विषयही पुढे येणार आहे.

हा दावा जगभर पोचवला तो ऑस्ट्रियातल्या रीडेल कंपनीने. हे घराणे १७५६ पासून काचेच्या धंद्यात, मूळचे बोहेमियातले, दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइन गावी स्थिरावलेले. नवव्या पिढीतल्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये बर्गंडी वाइनसाठी एक ग्लास काढला, आणि १९७३ मध्ये निरनिराळ्या वाइनसाठी निरनिराळ्या आकारांची ‘सोमेलिए’ ही मालिका आणली. तो बर्गंडी ग्लास न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. त्याची क्षमता एक हजार पन्नास मिलिलिटर! म्हणजे ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली त्यात ओतली तरी वर एका मोठ्या कप चहाएवढी जागा उरेल.

क्लाउस रीडेल यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या आधी भारी ग्लास म्हणजे कोरीवकाम, रंग, सोन्याची कड. त्यांनी हे सगळे काढून टाकले आणि काच पातळ, नितळ ठेवली. ग्लास हा दिवाणखान्यात मिरवायचा दागिना नसून एक उपकरण आहे, ही त्यांची भूमिका कुठल्याही इंजिनिअरला पटावी अशीच आहे. ओठाला लागणारा काठ जाड आणि गोलसर असण्यापेक्षा पातळ आणि सफाईदार असला की घोट सहज तोंडात येतो, हा फरक डोळे मिटूनही कळतो. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे.

पुढची पायरी मात्र कच्ची आहे. ग्लासाच्या आकारामुळे वाइन जिभेच्या विशिष्ट भागावर पडते, तिथे गोड किंवा आंबट चव अधिक कळते, म्हणून चव बदलते, असे अनेक वर्षे सांगितले गेले. सोबत जिभेचा नकाशा असे: टोकाला गोड, कडांना खारट-आंबट, मागे कडू. आपणही शाळेत ही आकृती वहीत काढून रंगवलेली आहे. ती आली कुठून, पाहा. १९०१ मध्ये हेनिश नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या निरनिराळ्या भागांची संवेदनशीलता मोजली आणि त्याला अगदी किरकोळ फरक आढळले. १९४२ मध्ये हार्वर्डच्या एडविन बोरिंग यांनी आपल्या पुस्तकात ते आकडे अशा रीतीने आलेखावर मांडले की तो किरकोळ फरक डोंगराएवढा दिसू लागला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्स यांनी पुन्हा मोजमाप केले. फरक पुन्हा किरकोळच निघाले. चारही चवी जिभेच्या सर्व कडांवर कळतात. आलेखाच्या अक्षावर काय मांडले आहे हे नीट न सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध कुठलाही गाइड परत पाठवतो. इथे मात्र त्या आलेखावर पाठ्यपुस्तके उभी राहिली आणि पाठोपाठ ग्लासांची दुकानेही. शिवाय घोट घेतल्यावर आपण तो एका जागी धरून ठेवत नाही. क्षणभरात तो तोंडभर फिरलेला असतो.

मग आकाराला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो जिभेपाशी नाही, नाकापाशी आहे. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. सर्दी झाल्यावर आमटी का मिळमिळीत लागते ते आठवावे. वास म्हणजे द्रवातून हवेत उडालेले रेणू. ते किती उडतील हे तापमानावर आणि पृष्ठभागावर अवलंबून असते. उडालेले रेणू ग्लासात थांबतील की पसार होतील, हे ठरवते पोट आणि तोंड यांचे प्रमाण. पोट मोठे, तोंड लहान, आणि द्रवाच्या वर भरपूर रिकामी जागा, एवढी भूमिती पुरते. खोलीच्या हवेपासून जरा राखून ठेवलेली ही जागा वाइनच्या वासाची खरी खोली होय.

याचे एक सुंदर प्रत्यक्ष चित्र जपानी संशोधकांनी टिपले आहे. टोकियो मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीतल्या कोजी मित्सुबायाशी यांच्या गटाने अल्कोहोलच्या वाफेचे छायाचित्र घेण्याची युक्ती शोधली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेरा अंश सेल्सियसची वाइन वाइनच्या ग्लासात असता अल्कोहोलची वाफ काठाशी कड्यासारखी जमते आणि मध्यभागी ती विरळ असते. म्हणजे नाक मधोमध नेले तर अल्कोहोलचा झोंबरेपणा कमी आणि फळांचा वास अधिक. सरळ ग्लासात किंवा पसरट मार्टिनी ग्लासात हे कडे दिसले नाही. पण गंमत अशी की वाइन गरम असेल तर वाइनच्या ग्लासातही ते दिसत नाही! रेड वाइन ‘रूम टेंपरेचरला’ द्यावी हा सल्ला सेंट्रल हीटिंग नसलेल्या युरोपातल्या गार दगडी घरांचा आहे. आपल्या बहात्तर डिग्री फॅरनहाइटच्या फॅमिली रूममध्ये तो लावू नये. बाटली वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवण्याने जे साधते ते महागड्या ग्लासाने साधत नाही.

उरला प्रश्न द्राक्षागणिक वेगळ्या ग्लासाचा. वाइनची पारख करणाऱ्या व्यावसायिकांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९७७ चे आयएसओ ३५९१. त्यातला ग्लास सुमारे २१५ मिलिलिटरचा, पोट ६५ मिलिमीटर, तोंड ४६, आणि त्यात ओतायची फक्त ५० मिलिलिटर. रेड असो, व्हाइट असो, ग्लास तोच. ज्यांचे पोट जिभेवर चालते त्यांचे एका आकारावर भागत असेल, तर आपल्याला बारा कशाला? जेवणाच्या टेबलावर तो मानक ग्लास जरा खुजा आणि प्रयोगशाळेतला वाटतो, हे खरे. घरासाठी ट्यूलिपच्या आकाराचा, साडेतीनशे ते साडेचारशे मिलिलिटरचा, पातळ काठाचा एक प्रकार पुरे. मशीनवर बनवलेले असे चांगले ग्लास आता सहज मिळतात. शॅम्पेनही त्यातच प्यावी. उंच फ्लूटमध्ये बुडबुड्यांची रांग छान दिसते, पण रॅन्सच्या जेरार लिजे-बेलेर यांच्या २०१२ मधल्या मोजमापांनुसार फ्लूटच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइड पसरट कूपपेक्षा बराच जास्त साचतो, आणि तो नाकाला झोंबतो.

व्हिस्कीचे गणित निराळे. चाळीस टक्के अल्कोहोल असलेल्या द्रवाला मोठे पोट आणि अरुंद तोंड दिले की आधी वाफेचा तडाखा बसतो. ब्रँडीचा फुग्यासारखा ग्लास तळव्यात धरून गरम करणे हा सिनेमातल्या रायबहादुरांचा शौक. माझ्या मते तो सर्वांत वाईट आकार आहे. सिंगल माल्ट नुसती किंवा थोड्या पाण्याबरोबर पिणाऱ्यांसाठी स्कॉटलंडच्या ग्लेनकेर्न कंपनीने २००१ मध्ये आणलेला छोटा, बुडाशी फुगीर आणि वर निमुळता ग्लास फार समंजस आहे. पाणी घालण्याची लाज बाळगू नये; २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवले की पाण्याने व्हिस्की पातळ केली की तिच्या धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. पण आपल्याकडे बहुतेकांची व्हिस्की सोडा, बर्फ आणि चकलीबरोबर असते. गारठलेल्या द्रवातून वास फारसा उठतच नाही, तेव्हा तिथे जाड बुडाचा साधा सरळ ग्लासच योग्य. बर्फाला जागा हवी आणि हाताला वजन हवे. काजूची फेणी मात्र लिंबूसोड्यात बुडवण्याआधी एकदा त्या निमुळत्या ग्लासात घेऊन पाहावी.

आता जी गोष्ट मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. आपल्या पाहुणचारात अर्धा भरलेला पेला म्हणजे कंजुषी. ताक, चहा, बासुंदी, सगळे काठोकाठ. वाइनचा ग्लास मात्र एक तृतीयांशच भरायचा असतो आणि यजमानाचा हात तिथे थांबत नाही. त्यात ग्लासही वाढत चालले आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी इंग्लंडमधले ४११ ग्लास मोजून २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले: अठराव्या शतकात वाइन ग्लास सरासरी ६६ मिलिलिटरचा होता, २०१६-१७ मध्ये ४४९ चा. जवळजवळ सातपट. अमेरिकेत वाइनचे एक ‘ड्रिंक’ म्हणजे पाच औंस, सुमारे दीडशे मिलिलिटर. साडेचारशेचा ग्लास निम्मा भरला तर सव्वादोनशे होतात, म्हणजे दीड ड्रिंक. पाहुणा मात्र ‘एक’ मोजतो. असे तीन घेतले की बाटली संपत आली. व्हिस्कीत फसगत आणखी मोठी. भारतात तीस आणि साठ मिलिलिटरच्या पेगवर डोळा बसलेला असतो, इथले ड्रिंक दीड औंसाचे म्हणजे चव्वेचाळीसचे, आणि जाड बुडाच्या ग्लासात ‘अंदाजे’ ओतलेले किती असते ते यजमानालाही ठाऊक नसते.

त्याहून वाईट म्हणजे पानात पोळी वाढावी तसा न विचारता ग्लास भरत राहणे. ग्लास रिकामा होऊच दिला नाही तर मोजणार कसे? हा पाहुणा रात्री साडेअकराला चाळीस मैल गाडी चालवणार असतो, मागच्या सीटवर मुले झोपलेली असतात. ‘गाडी ती चालवेल’ असे म्हणून हे काम आपल्याकडे बायकोला परस्पर बहाल केलेले असते. संध्याकाळ सुरू होण्यापूर्वी तिला विचारलेले मी क्वचितच पाहिले आहे.

तेव्हा घरातल्या ग्लासात एकदा मेजरिंग कपाने दीडशे मिलिलिटर पाणी ओतून पाहावे. ट्यूलिप आकाराच्या बहुतेक ग्लासांत पातळी पोटाच्या सर्वांत रुंद भागाच्या आसपास येते. तिथेच पृष्ठभाग सर्वाधिक आणि वर रिकामी जागाही पुरेशी. म्हणजे वासासाठी जिथे थांबायचे तिथेच हिशेबासाठीही थांबायचे. व्हिस्कीसाठी औंसाच्या खुणा असलेले छोटे माप बारजवळ उघड ठेवावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

वरच्या खणातल्या जड क्रिस्टलविषयी दोन शब्द. युरोपच्या १९६९ च्या नियमाप्रमाणे लेड क्रिस्टल म्हणजे किमान चोवीस टक्के लेड ऑक्साइड, म्हणजे शिसे. तासाभराच्या जेवणात त्या ग्लासातून प्यायल्याने घाबरण्यासारखे काही होत नाही. डिकँटरमध्ये साठवण मात्र करू नये. कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रॅत्सियानो आणि ब्लम यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा डिकँटरमध्ये चार महिने ठेवलेल्या पोर्ट वाइनमध्ये शिसे लिटरमागे दोन हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. त्या सुंदर बाटलीत स्कॉच वर्षभर शोभेला ठेवण्याची पद्धत बंद करावी, आणि मुलांचा रोजचा ज्यूस त्या ग्लासात देऊ नये.

ग्लास धुण्याबद्दल पुस्तके फार लिहितात, पण ती आपल्या स्वयंपाकघरात कधी आलेली नसतात. उघड्या फळीवरच्या ग्लासांवर फोडणीच्या वाफेचा तेलकट थर बसतो आणि त्यात हिंग-मोहरीची आठवण राहते. पाहुणे येण्याआधी ते गरम पाण्याने विसळून, वास नसलेल्या फडक्याने पुसावेत. बारा निरनिराळ्या ग्लासांपेक्षा बारा सारखे, स्वच्छ ग्लास कधीही बरे.

बारा सारखे असण्याचा आणखी एक फायदा आहे. आपल्या पार्ट्यांत पिणाऱ्यांना काच मिळते आणि न पिणाऱ्यांना प्लॅस्टिकचा लाल कप. उपास असलेल्या मावशी, औषधे चालू असलेले काका, आणि जिला रात्री गाडी चालवायची आहे ती, या सगळ्यांच्या हाती तो कप. कोकमाचे सरबत त्याच दांडीच्या ग्लासात, तेवढेच, पोटापर्यंत ओतून द्यावे. रंगाला ते कुठल्याही रोझेला हार जात नाही, आणि कोकमालाही वास असतो. वरच्या त्या रिकाम्या जागेत तो छान कळतो.